सहा चित्रांचा कागद

“तुमचा मुलगा वारला,” डॉक्टर उईके दारातूनच म्हणाले आणि पाठ फिरवून निघाले.

मी अजून खुर्चीपर्यंत पोचलोही नव्हतो. टोपी हातात धरून उभा होतो. मीच ओरडलो, “अहो साहेब, थांबा की! कोणाचा मुलगा? मला बसू तर द्या!”

काचेच्या पलीकडे बसलेले सात-आठ डॉक्टर हसले. पाटोदेकर मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या आमच्या आयसीयूच्या मुख्य. त्यांनी मला विचारलं, “मामा, किती गुण?”

“शून्य,” मी म्हणालो.

मला मुलगा नव्हताच. एक मुलगी, मंदा, ती सोलापूरकडे दिलेली. मी त्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होतो. लिंबाजी गायसमुद्रे माझं नाव, पण सगळे मामाच म्हणायचे. आयसीयूच्या दारावर तोवर माझी वीस वर्षं गेली होती. मॅडम दर तीन महिन्यांनी डॉक्टरांचं प्रशिक्षण घ्यायच्या. आसपासच्या जिल्ह्यांतून डॉक्टर यायचे. हॉलमध्ये रबरी बाहुल्यावर छाती दाबायला शिकायचे, घशात नळी घालायला शिकायचे. आणि शेवटी या छोट्या खोलीत यायचे. इथे दोन खुर्च्या आणि एक मी. मी पेशंटचा बाप व्हायचो आणि डॉक्टरनं मला वाईट बातमी सांगायची.

पहिल्या वेळी मॅडमनी शहरातून नाटकातला एक माणूस बोलावला होता. तो आलाच नाही. मॅडम म्हणाल्या, “मामा, तुम्ही बसा. तुम्ही इतके नातेवाईक पाहिलेत.” मी बसलो. पाहिलेले होतेच. कोण कसा भिंत धरतो, कोण उगाच पिशवीतले कपडे पुन्हा घड्या घालून ठेवतो, कोण डॉक्टरलाच धीर देतो, सगळं मला ठाऊक होतं. त्यानंतर नाटकवाला पुन्हा कोणी बोलावला नाही.

गुण द्यायला मॅडमनी मला एक कागद करून दिला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चित्रं काढली. खुर्ची, म्हणजे आधी माणसाला बसवायचं. पेला, म्हणजे पाणी द्यायचं. कान, म्हणजे त्याला काय माहीत आहे ते विचारून ऐकायचं. तोंड, म्हणजे मग साध्या शब्दांत सांगायचं. घड्याळ, म्हणजे सांगून झाल्यावर गप्प राहायचं, घाई करायची नाही. आणि सहावं चित्र दाराचं. मग त्याला आत, पेशंटजवळ न्यायचं. प्रत्येक चित्रापुढे एक चौकोन. जमलं तर मी त्यात खूण करायची.

दाराचं चित्र मी सांगितलं म्हणून शेवटी आलं होतं. माझ्यासमोर एकदा एका माणसाला काहीच न सांगता घाईनं आत नेलं होतं. बायकोच्या तोंडातली नळी पाहून तो जागेवरच कोसळला आणि कॉटच्या कडेवर आपटून त्याचं डोकं फुटलं. फरशी मीच पुसली. तेव्हापासून मी म्हणायचो, आधी बसवा, सांगा, मग दार उघडा. क्रम चुकवायचा नाही.

तर उईके साहेबांना शून्य मिळालं. ते आमच्याच दवाखान्यातले, मूळचे गडचिरोलीकडचे, अंगानं बारीक, हात मात्र मोठे. हाताला इतका गुण की कुणाला शीर सापडली नाही की त्यांना बोलवायचे. पण माणसाशी बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादरी मोजत होतो तिथं ते आले.

“मामा, मला शिकवा ना जी.”

“तुम्हाला मी काय शिकवणार साहेब?”

“छातीत धडधडतं माझ्या. वाटते, एकदाचं बोलून मोकळं व्हावं.”

“मोकळे तुम्ही होता,” मी म्हणालो. “त्याचं काय?”

त्यांनी मान खाली घातली. मग चादरींच्या गठ्ठ्यावर मला बसवलं आणि म्हणाले, “बाबा, पाणी घेता का?” मी म्हणालो, “पेला कुठाय?” ते धावत जाऊन पेला घेऊन आले. असे पंधरा दिवस गेले.

त्याच सुमारास मी अक्षरं शिकलो. वय बावन्न. मॅडमनी चित्रांखाली नावंही लिहिली होती, आणि माझी बायको कौसा चौथी शिकलेली होती. तो कागद घरी नेला तर ती म्हणाली, “अहो, हे तर बालवाडीचं पुस्तकच झालं की.” संध्याकाळी भाकरी थापताना परातीतल्या पिठात ती बोटानं अक्षर काढायची आणि मी पाटीवर. मी वाचलेला पहिला शब्द ‘कान’. दुसरा ‘दार’. खुर्ची फार दिवस जमली नाही.

तिला त्या प्रशिक्षणाची भारी मजा वाटायची. मी कामावरून आलो की पदर खोचून समोर उभी राहायची.

“लिंबाजीराव, बसा.”

मी पाटावर बसायचो.

“पाणी घ्या. आज सैपाकाबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?”

“काहीच नाही, डॉक्टर.”

“बातमी चांगली नाही. आमटी उतू गेली. आम्ही सगळे प्रयत्न केले.”

मग आम्ही दोघं गप्प बसायचो, घड्याळाच्या चित्रासाठी. तिलाच आधी हसू फुटायचं.

उईके साहेब एक-दोनदा घरी जेवायला आले. कौसा त्यांना डॉक्टर पोरगा म्हणायची आणि ताटात भाकरी वाढतच राहायची. एकदा मी म्हणालो, आज हिला नातेवाईक करा, मी बघतो. साहेबांनी हात पुसले आणि अदबीनं म्हणाले, “मावशी, बसा ना जी.”

“मी नाही बसत,” कौसा म्हणाली. “मला भांडी घासायचीत.”

“पण मावशी, महत्त्वाचं बोलायचं आहे.”

“मग बोला की उभ्यानं.”

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. “मामा, नातेवाईक बसलाच नाही तर काय करायचं?”

“थांबायचं,” मी म्हणालो. “माणूस किती वेळ उभा राहील? पाय दुखले की बसतो. पण बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शून्य मिळालं होतं ते विसरलात काय?”

“नाही विसरलो,” ते म्हणाले.

कौसा भांडी घेऊन मोरीवर गेली. जाताना म्हणाली, “मी तर नसते बसले बाई.”

पुढच्या प्रशिक्षणात उईके साहेबांना मी सहापैकी सहा दिले.

दोन वर्षांनी कौसाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिला साखर होती. तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि मला सांगितलं नाही. मला कळलं तेव्हा पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. स्ट्रेचर मीच ढकलत आणलं. आयसीयूच्या दारापाशी आलो तर शालन सिस्टर म्हणाल्या, “मामा, सोडा आता. आम्ही घेतो.”

पाटोदेकर मॅडमनी मला बाजूला घेतलं. “मामा, आजपासून तुमची ड्यूटी बंद. आता तुम्ही नातेवाईक.”

त्या दारातून मी दिवसाला पन्नास वेळा ये-जा करायचो. आता मी बाहेरच्या बाकावर बसलो. भेटीची वेळ चार ते पाच, एका वेळी एकच माणूस. हा नियम मी वीस-बावीस वर्षं लोकांना ऐकवला होता, कधी हात जोडून, कधी आवाज चढवून. मग मलाही तो पाळावा लागला. माझ्या जागी दारावर नवीन माणूस होता. तो संकोचून म्हणायचा, “मामा, जा की आत, मी नाही पाहिलं.” मी म्हणायचो, “नको. बाकीचे काय म्हणतील?”

चार वाजता आत जायचो. तोंडात नळी, गुंगीचं औषध चालू. मी तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचो. क, स. ती काही करायची नाही. पाच वाजता बाहेर.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मॅडम म्हणाल्या की विष रक्तात भिनलंय, बीपीची औषधं शेवटच्या मापावर आहेत. मंदाला फोन केला. ती म्हणाली, सकाळची पहिली एसटी धरते, दुपारी एकपर्यंत पोचते.

पाचवा दिवस गुरुवारचा. त्या दिवशी नेमकं प्रशिक्षण होतं. हॉल आयसीयूच्या समोरच. दार उघडं होतं आणि आतून डॉक्टरांच्या मोजण्याचा आवाज येत होता. बाहुल्याची छाती दाबताना मोठ्यानं मोजायचं असतं. एक, दोन, तीन, चार, असं तीसपर्यंत. मग थांबायचं, दोन श्वास द्यायचे आणि पुन्हा एकपासून.

अकरा वाजून गेले असतील. आयसीयूचं दार उघडलं आणि उईके साहेब बाहेर आले. ते आता दिवसाची पाळी सांभाळायचे. ते माझ्याकडं आले नाहीत. आधी त्या छोट्या खोलीत गेले आणि खुर्ची घेऊन आले. निळी, प्लास्टिकची. तिच्या पाठीला तडा गेला होता आणि तो मीच तारेनं शिवला होता. दुसऱ्या हातात पेला.

मी बाकावरून उठलो.

“मामा,” ते म्हणाले, “इकडं बसा ना जी.”

“नाही.”

“दोन मिनिटं बसा.”

“मी बरा आहे उभा.”

त्यांनी खुर्ची माझ्या गुडघ्यांपाशी आणून ठेवली. पेला पुढं केला.

“मला तहान नाही.”

“मामा, मावशींबद्दल—”

“साहेब!” मी हात वर केला. “मी उभा आहे.”

ते थांबले.

त्या खुर्चीला मी ओळखत होतो. तिच्यात मी निदान शंभर वेळा बसलो होतो आणि प्रत्येक वेळी माझा मुलगा मेला होता. मी बसलो की पेला येणार, मग कान, मग तोंड. मी बसलो नाही तर काहीच येणार नाही. एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“मामा, ऐका ना. वेळ—”

“काय शिकवलं होतं तुम्हाला? बसल्याशिवाय बोलायचं नाही. कोणी शिकवलं?”

“तुम्ही,” ते म्हणाले.

“मग?”

कपाळावर घाम आला होता, तो त्यांनी दंडाला पुसला. एकदा मागं वळून आयसीयूच्या दाराकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग पुन्हा दाराकडं. हॉलमधून आवाज येत होता, अकरा, बारा, तेरा.

“मंदा येऊ द्या,” मी म्हणालो. “एक वाजता येते. ती आली की दोघं बसतो.”

“एक लय दूर आहे जी, मामा.”

“कसला दूर? पावणेदोन तास.”

“मामा, मी हात जोडतो तुम्हाला. बसा.”

त्यांनी खरंच हात जोडले. पेला खाली फरशीवर ठेवून, सगळ्या नातेवाइकांसमोर. बाकावरची एक बाई म्हणाली, “अहो बाबा, डॉक्टर एवढं म्हणतायत तर बसा की.” मी तिच्यावर खेकसलो, “तुम्ही तुमचं बघा!” आणि खिडकीपाशी जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

साहेब माझ्यामागं आले. खुर्ची घेऊन. माझ्या पाठीशी ती ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मी सांगितलं होतं तसे थांबून राहिले. माणूस किती वेळ उभा राहील?

मी खाली अंगणात पाहत होतो. सायकल स्टँडपाशी एक म्हातारी ऊस खात बसली होती. तिनं एक पेर संपवलं, चोथा पिशवीत टाकला, दुसरं घेतलं. तेही संपवलं. हॉलमधलं मोजणं तीसपर्यंत जाऊन थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. दहा मिनिटं झाली की पंधरा, मला आजही नक्की सांगता येत नाही. नंतर मला वाटलं, त्या म्हातारीला विचारावं, बाई, तुम्ही किती पेरं खाल्लीत.

मग आयसीयूचं दार धाडकन उघडलं. “सर!” शालन सिस्टर ओरडल्या. “सर, लवकर!”

उईके साहेब पळाले. त्यांचा पाय लागून पेला आडवा झाला आणि पाणी फरशीवर पसरलं.

मी अजून खिडकीपाशीच होतो. हॉलमध्ये चहाची सुट्टी झाली असावी, तिथला आवाज थांबला होता. आणि मग मोजणं ऐकू आलं. एक, दोन, तीन, चार. मला वाटलं हॉलमधूनच. पण तो आवाज उजवीकडून येत होता, आयसीयूच्या दाराच्या आतून. उईके साहेबांचा आवाज. पाच, सहा, सात.

गेलेल्या माणसाची छाती कोणी खुर्ची-पेला करून झाल्यावर दाबत नाही. एवढं मला वीस-बावीस वर्षांत कळलं होतं. ती आत्तापर्यंत होती. ते खुर्ची घेऊन आले तेव्हा होती. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो तेव्हा होती.

मी दाराकडं धावलो. दारावरच्या नवीन माणसानं मला दोन्ही हातांनी धरलं आणि रडत म्हणाला, “मामा, आत्ता नाही जाता येत. तुम्हीच सांगितलंय.” मीच सांगितलं होतं. छाती दाबायला सुरुवात झाली की कोणालाही आत सोडायचं नाही.

मी परत आलो आणि निळ्या खुर्चीत बसलो. कोणी न सांगता.

मोजणं पुष्कळ वेळ चाललं. मॅडम हॉलमधून पळत गेल्या. मग ते थांबलं आणि पुन्हा एकपासून सुरू झालं नाही.

उईके साहेब बाहेर आले. दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. नवा पेला आणला होता. मी पाणी प्यालो.

“मामा, तुम्हाला काय माहीत आहे?” त्यांनी विचारलं.

“सगळं,” मी म्हणालो.

“मावशी गेल्या.”

मग ते गप्प बसले. मीही बसलो. मला वाटलं, आता तिला हसू फुटेल.

आत नेलं तेव्हा शालन सिस्टर तिचे केस सारखे करत होत्या. त्या म्हणाल्या, “सकाळी गुंगी कमी केली होती, मामा. अकराला डोळे उघडले त्यांनी. दाराकडंच बघत होत्या. बीपी लागतच नव्हतं, म्हणून मी सरांना म्हटलं, मामांना घेऊन या लवकर.” एवढं बोलून त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पुन्हा केस सारखे करू लागल्या.

मी तिचा तळहात उघडला. तो अजून गरम होता.

मंदा एकला आली. मी फाटकापाशी उभा होतो. रिक्षातून तिचा एक पाय खाली, एक वर, हातात पिशवी. मी म्हणालो, “तुझी आई वारली.” आणि पाठ फिरवून चालू लागलो.

तेराव्यानंतर मी कामावर रुजू झालो. चादरी मोजत होतो तिथं उईके साहेब आले. दाढी वाढलेली. त्यांनी बदलीचा अर्ज दिला होता, तो मंजूरही झाला होता. ते गठ्ठ्यावर बसले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. सहा चित्रांचा.

“मामा, मला गुण द्या,” ते म्हणाले.

“साहेब, कशाला?”

“द्या. मला कळू द्या माझं कुठं चुकलं. मी रोज मोजतो. मला सापडत नाही.”

मी पेन घेतलं. खुर्ची. त्यांनी आणली होती, हात जोडले होते. खूण केली. पेला. खूण केली. कान, तोंड, घड्याळ. पाचही चौकोन भरले. कुठंच गुण कापता येईना. मी शिकवलं होतं त्यातलं त्यांनी काहीही सोडलं नव्हतं.

राहिला दाराचा. पेन तिथं आणलं आणि माझा हात थांबला.

“लिहा, मामा,” ते म्हणाले. “शून्य लिहा.”

“ते तुमचं नाही,” मी म्हणालो.

त्या चौकोनात मी माझं नाव लिहिलं. जागा कमी होती, म्हणून बारीक अक्षरात, कौसानं पिठात शिकवलं होतं तसं. ल ला पहिली वेलांटी, वर टिंब. मग कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली.